जिवाणू औषधाचे काय करतात?

जिवाणू आणि औषध यांची लढाई आपण बहुधा फार सोपी करून पाहतो. औषध हल्ला करते, मग जिवाणू मरतो किंवा वाचतो. पण जिवाणू हा मैदानात उभे केलेले निशाण नव्हे. त्याच्या इवल्याशा पेशीत शेकडो विकरे, म्हणजेच एन्झाइमे, अहोरात्र काम करत असतात. औषधाचा रेणू त्यांच्या तावडीत सापडला की कधी त्याला अणूंचा एखादा गट जोडला जातो, कधी त्याचा एखादा बंध तुटतो, तर कधी त्याला इलेक्ट्रॉन मिळतात. औषध जसे आत गेले तसे राहत नाही. या क्रियेला जैवरूपांतर म्हणतात.

मग साहजिकच प्रश्न येतो. जिवाणूने औषध बदलले, तर ते आपल्या फायद्याचे की तोट्याचे? याचे एकच एक उत्तर नाही, आणि या लेखाचा मुद्दा नेमका तोच आहे. काही औषधे जिवाणूने बदलली तरच काम करतात. काही औषधे जिवाणूने बदलली की निकामी होतात. आणि काही औषधे बदलल्यासारखी दिसतात, पण पुन्हा मूळ रूपात परत येतात. म्हणून प्रत्येक औषधाबाबत तीन गोष्टी विचाराव्या लागतात: कोणता बंध बदलला, कोणी बदलला आणि मागे काय उरले?

कृत्रिम औषधे म्हणजे कोणती?

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये सापडलेले पेनिसिलिन बुरशी बनवते. ॲमॉक्सिसिलिनसारखी औषधे अर्धी निसर्गाची आणि अर्धी माणसाची असतात. बुरशीने बनवलेला मूळ सांगाडा घेऊन रसायनतज्ज्ञ त्याला वेगळी शेपटी जोडतात. सल्फा औषधे, क्षयरोगावरचे आयसोनियाझिड, जुलाब-आवेवरचे मेट्रोनिडाझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही मात्र संपूर्णपणे प्रयोगशाळेत घडवलेली औषधे आहेत. काटेकोर व्याख्येप्रमाणे प्रतिजैविक म्हणजे एका सूक्ष्मजीवाने बनवलेले आणि दुसऱ्याला मारणारे द्रव्य. परंतु आज व्यवहारात या कृत्रिम औषधांनाही प्रतिजैविकेच म्हटले जाते, म्हणून येथेही तोच शब्द वापरला आहे.

जी वस्तू निसर्गात कधी नव्हतीच, तिच्याविरुद्ध जिवाणूंकडे हत्यार तरी कोठून असणार, असे आपल्याला वाटेल. पण विकराला औषधाचे नाव कळत नाही, त्याला बंध कळतो. कारखान्यातला नायट्रोजन आणि निसर्गातला नायट्रोजन यांत तो भेद करत नाही. ओळखीचा आकार आणि ओळखीचा बंध दिसला की तो कामाला लागतो.

लाल रंगातून निघालेले औषध

जर्मनीत गेरहार्ट डोमाक हे शास्त्रज्ञ बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत रंगद्रव्यांची परीक्षा करत होते. त्यांतील प्रोन्टोसिल नावाच्या लाल द्रव्याने जिवाणूंची लागण झालेले उंदीर वाचले. त्यांनी ही माहिती १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. मात्र एक कोडे होते. परीक्षानळीतल्या जिवाणूंवर प्रोन्टोसिल टाकले की काहीच होत नसे. उंदराच्या अंगात चालणारे औषध नळीत का चालू नये?

त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी हे कोडे सोडवले. प्रोन्टोसिलच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंना जोडणारा दुहेरी बंध असतो. त्याला अ‍ॅझो बंध म्हणतात आणि रंग त्याच्यामुळेच येतो. शरीरात हा बंध तुटतो आणि सल्फानिलमाइड हा रंगहीन रेणू मोकळा होतो. खरे औषध तोच. अ‍ॅझो बंध तोडण्याच्या या कामात आपल्या आतड्यातल्या जिवाणूंचाही वाटा असतो. पुढे याच गुणाचा मुद्दाम उपयोग करून घेण्यात आला. मोठ्या आतड्याच्या दाहावर दिले जाणारे सल्फासालाझिन हे औषध तेथे पोहोचेपर्यंत बरेचसे अखंड राहते, आणि तेथले जिवाणू त्याचा अ‍ॅझो बंध तोडून औषध मोकळे करतात.

सल्फा औषधांची कहाणी आपल्या देशाशीही जोडलेली आहे. मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक साहिबसिंग सोखी हे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी होते आणि पुढे मेजर जनरल झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली १९४०च्या सुमारास प्लेगच्या रोग्यांवर सल्फा औषधांचा अभ्यास झाला आणि सल्फाथायाझोलचा चांगला गुण दिसून आला. त्या चमूत भा. बा. दीक्षित होते, जे पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले. दुसऱ्या महायुद्धात तर सल्फाची भुकटी सैनिकांच्या प्रथमोपचार साहित्यात असे आणि ती जखमेवर टाकली जाई.

क्षयाचा जिवाणू स्वतःच काडतूस भरतो

होसकोट्याहून बेंगळुरूत गेले की शहराच्या उत्तर भागात, बळ्ळारी रस्त्यावर, राष्ट्रीय क्षयरोग संस्था आहे. ही संस्था १९५९ मध्ये स्थापन झाली आणि १९६० मध्ये पंतप्रधान नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. देशाचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ मध्ये येथल्या कामातूनच आखला गेला. या कार्यक्रमात ज्या औषधाने सुरुवातीपासून मोठी कामगिरी केली, ते म्हणजे आयसोनियाझिड.

आयसोनियाझिडचा रेणू १९१२ मध्येच प्रागमध्ये बनवला गेला होता, पण चाळीस वर्षे त्याचा गुण कोणाला ठाऊक नव्हता. १९५२ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी त्याचा क्षयरोगावरील प्रभाव जाहीर केला. त्यांतल्या एका गटात प्रोन्टोसिलवाले डोमाकच होते.

या औषधाची गंमत अशी की ते क्षयाच्या जिवाणूत शिरते तेव्हा निरुपद्रवी असते. क्षयाच्या जिवाणूकडे कॅटजी नावाचे एक विकर असते. हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या घातक द्रव्यांचे विघटन करून पेशीचे रक्षण करणे हे त्याचे मूळ काम. हेच विकर आयसोनियाझिडचे ऑक्सिडीकरण करते. त्यातून निघालेला अतिक्रियाशील तुकडा पेशीतल्या एनएडी या सहविकराला चिकटतो, आणि ही जोडी जिवाणूच्या भिंतीसाठी लागणारे मायकोलिक आम्ल बनवणारी यंत्रणा बंद पाडते. भिंत बांधता येत नाही आणि जिवाणू मरतो. बंदूक आपण दिली, पण काडतूस भरले ते शत्रूने स्वतःच्या हाताने, असे म्हणायला हरकत नाही.

आता शत्रूने काय करावे? त्याने काडतूस भरणेच सोडून द्यावे. कॅटजी विकरात ३१५व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल असते. जनुकात बदल होऊन तेथे थ्रिओनीन आले की विकर आपले संरक्षणाचे काम बऱ्यापैकी करत राहते, पण आयसोनियाझिडला हात लावेनासे होते. औषध पेशीत जसेच्या तसे पडून राहते. म्हणजे येथे प्रतिकार औषध बदलण्याने येत नाही, तर न बदलण्याने येतो.

हा बदल लाखो-कोटी जिवाणूंमागे एखाद्यातच असतो. पण फुप्फुसातल्या क्षयाच्या पोकळीत जिवाणू कोट्यवधींच्या संख्येने असतात. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि तो एखादा उरतो, वाढतो आणि पुढे सर्वत्र तोच असतो. म्हणून क्षयरोगावर एकाच वेळी अनेक औषधे देतात. एकाच्या हातून सुटलेला दुसऱ्याच्या हाती सापडावा, असा हा वेढा आहे. त्यातले पायराझिनामाइड हेही जिवाणूच्या विकरानेच जागे होते. आज थुंकीच्या नमुन्यातून कॅटजीच्या जनुकातला बदल थेट वाचता येतो. बेंगळुरूची ही संस्था अशा तपासण्यांच्या राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळांपैकी एक आहे.

अर्ध्यावर थांबले तर मृत्यू, टोकाला गेले तर सुटका

मेट्रोनिडाझोल हे औषध आपल्यापैकी अनेकांच्या घरी आले असेल. त्याच्या रेणूला एक नायट्रो गट असतो. ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू आणि आवेचा अमीबा यांच्या पेशीत इलेक्ट्रॉन सहज देऊ शकणारी प्रथिने असतात. ती या गटाला इलेक्ट्रॉन देतात, म्हणजे त्याचे क्षपण करतात. क्षपणाच्या मधल्या टप्प्यावरचे तुकडे अतिशय क्रियाशील असतात आणि ते डीएनएची मोडतोड करतात. आपल्या पेशी ऑक्सिजनवर चालतात, तेथे ही क्रिया फारशी होत नाही. म्हणून औषध नेमके शत्रूच्या गोटातच पेटते.

परंतु काही जिवाणूंकडे निम नावाच्या जनुकगटातले विकर असते. ते नायट्रो गटाचे क्षपण मध्येच न थांबवता थेट शेवटापर्यंत नेते आणि तेथे निरुपद्रवी अमिनो गट तयार होतो. क्रिया तीच, दिशा तीच. ती कोठे थांबली यावर जिवाणूचे जगणे-मरणे ठरते.

शिक्का मारून औषध बाद करणे

आता उलट बाजू पाहू. क्लोरॅम्फेनिकॉल १९४७ मध्ये मातीतल्या जिवाणूपासून मिळाले. रेणू लहान असल्यामुळे १९४९ मध्येच ते पूर्णपणे कृत्रिम रीतीने बनवता आले आणि तेव्हापासून ते कारखान्यातच तयार होते. विषमज्वरावर, म्हणजे टायफॉइडवर, ते रामबाण ठरले होते. १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि आपल्याकडे केरळातील कोळिकोड येथे टायफॉइडचे जिवाणू या औषधाला दाद देईनासे झाले.

असा प्रतिकार देणारे विकर औषधाच्या एका हायड्रॉक्सिल गटावर अ‍ॅसिटिल गट बसवते. दोन कार्बन अणूंचा एवढासा गट, पण त्यामुळे औषध जिवाणूच्या रायबोसोमवर बसू शकत नाही. किल्लीच्या दातावर डाग दिला की ती कुलपात जात नाही, तसेच हे. या विकराचे जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या लहान वलयावर असते, आणि असे वलय एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते.

सिप्रोफ्लॉक्सासिनची गोष्ट तर अधिक विचार करायला लावणारी आहे. या औषधांचे मूळ नॅलिडिक्सिक आम्ल, १९६२ मध्ये पुढे आलेले. पुढे त्या कुळात फ्लोरिनचा अणू घालून सिप्रोफ्लॉक्सासिन वगैरे तयार झाली. निसर्गात असा रेणू नव्हता. तरीही २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी असे विकर जाहीर केले, जे सिप्रोफ्लॉक्सासिनच्या एका टोकाच्या नायट्रोजनवर अ‍ॅसिटिल गट बसवते. हे विकर कोठून आले? जुन्याच विकरापासून. अमिकासिनच्या कुळातील औषधांना बाद करणाऱ्या विकरात फक्त दोन अमिनो आम्ले बदलली होती. जुन्या हत्याराला दोन ठिकाणी कानस मारली आणि ते नव्या कामाला लागले.

यात रसायनशास्त्राचा एक सुंदर धडा आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि नॉरफ्लॉक्सासिन यांच्या त्या नायट्रोजनवर हायड्रोजन असतो, म्हणून तेथे अ‍ॅसिटिल बसू शकतो. लेव्होफ्लॉक्सासिनमध्ये त्याच जागी मिथिल गट असतो. जागा आधीच भरलेली, म्हणून हे विकर तेथे हात टेकते. या विकराने मिळणारा प्रतिकार तसा सौम्य असतो. पण तेवढ्या आडोशाने जिवाणू तग धरतो, आणि तग धरलेल्या जिवाणूला पुढचे मोठे बदल करायला वेळ मिळतो.

सांडपाण्यात काय होते?

आपण घेतलेल्या औषधाचा बराच भाग लघवी व शौचावाटे बाहेर पडतो आणि सांडपाण्यात जातो. हा विषय आपल्या भागापासून दूर नाही. बेंगळुरूच्या कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातील सांडपाणी शुद्ध करून २०१८ पासून कोलार जिल्ह्यातल्या तलावांत सोडले जाते. दुष्काळी भागाला त्याने पाणी मिळाले. शुद्धीकरण केंद्रात हवा घुसळून जिवाणू वाढवतात आणि ते घाण खातात. मग औषधाचेही काम ते संपवतात का?

येथे सल्फामेथोक्साझोलचे उदाहरण घ्या. सेप्ट्रानच्या गोळीत हे औषध असते. आपले यकृत त्यातल्या मोठ्या भागावर अ‍ॅसिटिल गट बसवून ते निष्क्रिय करते. पण सांडपाण्यातले जिवाणू तोच अ‍ॅसिटिल गट काढून टाकतात आणि मूळ औषध पुन्हा जिवंत होते. केंद्रात येणाऱ्या पाण्यात फक्त मूळ औषध मोजले, तर हा छुपा साठा हिशेबात येतच नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनचे वेगळे आहे. ते पाण्यातून बरेचसे नाहीसे होते खरे, पण त्याचे कारण बहुतांशी असे की ते गाळाला चिकटून बसते. पाण्यात नाही म्हणजे संपले, असे नव्हे.

खरोखर मोडतोड करणारे सूक्ष्मजीवही आहेत. मायक्रोबॅक्टेरियम कुळातले काही जिवाणू सल्फा औषधाच्या वलयातील गंधक जोडलेल्या कार्बनवरच ऑक्सिजनचा हल्ला चढवतात. त्याने रेणू मोडतो आणि त्याचा एक भाग ते अन्न म्हणून वापरतात. कॅनडात वर्षानुवर्षे सल्फा औषध मिसळलेल्या शेतमातीत असा जिवाणू सापडला. लाकूड कुजवणारी ग्लिओफायलम ही बुरशी कोंबड्या-गुरांना दिल्या जाणाऱ्या एन्रोफ्लॉक्सासिनचे तुकडे करते. लाकूड फोडण्यासाठी ती जे तीव्र हायड्रॉक्सिल कण बनवते, तेच येथे कामी येतात.

मग सगळे जिवाणूंवर सोपवून आपण निश्चिंत राहावे का? नाही. एक तर ही कामे सावकाश होतात आणि सर्वत्र होत नाहीत. दुसरे असे, की जो जिवाणू औषध खातो त्याला आधी त्या औषधात जगता आले पाहिजे, म्हणजेच त्याच्यापाशी प्रतिकार असतो. आणि ओझे फार झाले की कोणतीच यंत्रणा पुरत नाही. हैदराबादजवळच्या पटानचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक जिवाणूंना मारायला लागते त्याच्या हजारपटीहून हे अधिक होते. अशा पाण्यात साधे जिवाणू टिकत नाहीत. जे टिकतात ते निवडलेले कमांडोच म्हणायचे.

आपल्या हाती काय आहे?

वसतिगृहात साठ मुले एका हवेत झोपतात, एका भांड्यातले जेवतात, एका मैदानावर ढोपरे फोडून घेतात. येथे एका छात्राच्या अंगात वाढलेला प्रतिकारी जिवाणू त्याच्यापुरता राहत नाही. म्हणून पुढील गोष्टी शिस्तीचाच भाग समजाव्यात.

सर्दी-पडशावर प्रतिजैविक मागू नये. ते विषाणूंचे आजार असतात आणि औषध मात्र पोटातल्या निरपराध जिवाणूंवर चालते. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा आणि दिवस स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नयेत. पालकांनीही मुलाच्या पेटीत मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या ठेवून देऊ नयेत. मेट्रोनिडाझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही दोन्ही जुलाबाची औषधे म्हणून ओळखली जातात, पण ती कोणत्या जिवाणूत कशी वागतात हे वर पाहिलेच. गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेषा असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. उरलेल्या गोळ्या शौचालयात किंवा नाल्यात टाकू नयेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर लाजू नये, वैद्यकीय कक्षात सांगावे.

जिवाणूला बुद्धी नाही, वैर नाही. त्याच्याकडे आहेत फक्त विकरे, अफाट संख्या आणि वेळ. आपल्याकडे त्या विकरांचे ज्ञान आहे. ते वापरले, तर शत्रूच्या हातून काडतूस भरून घेता येते. न वापरले, तर आपलीच काडतुसे ओली होतात.

स्वाध्याय

१. आयसोनियाझिड आणि सिप्रोफ्लॉक्सासिन यांच्याविरुद्ध येथे सांगितलेल्या प्रतिकाराच्या रीती एकमेकींच्या उलट कशा आहेत?
२. प्रोन्टोसिल परीक्षानळीत का चालले नाही? त्याऐवजी नळीत सल्फानिलमाइड टाकले असते तर काय झाले असते?
३. सिप्रोफ्लॉक्सासिनवर अ‍ॅसिटिल बसवणारे विकर लेव्होफ्लॉक्सासिनवर का चालत नाही? दोन्ही रेणूंच्या आकृत्या काढून दाखवा.
४. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात एखादे औषध सापडले नाही. ते नष्ट झाले असे म्हणण्यापूर्वी तुम्ही आणखी काय काय तपासाल?